'डार्क' म्हणजे नेमकं काय? जोकरचा सूर आणि संशोधनाचा प्रश्न

चित्रपटसंगीतावर पीएच.डी. करायची इच्छा असलेल्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य थोड्याफार फरकाने भेटतंच. "ऑर्केस्ट्रा आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांच्या मिश्रणातून आधुनिक चित्रपटांत गडद, भव्य वातावरण निर्माण होते." वाक्य खोटं नाही. ऐकायलाही बरं वाटतं. पण गाईडने पहिलाच प्रश्न विचारला, "कशावरून?", की पुढे सुचत नाही. दुसरा प्रश्न, "बरं, मग यात शोधायचं काय उरलं?", हा तर त्याहून अवघड.

आजच्या पोस्टमध्ये आपण हेच वाक्य घेऊन बसणार आहोत. हातात एक ठोस उदाहरण ठेवू: २००८ च्या 'द डार्क नाइट' या चित्रपटातला जोकरचा सूर. संगीत हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचं, दिग्दर्शन क्रिस्तोफर नोलनचं. मला हे संगीत फार चांगलं वाटतं, आणि त्याच्या धर्तीवर नंतर जे ढीगभर संगीत झालं त्यातलं बरंचसं पोकळ वाटतं. असं का वाटतं, ते मला तुमच्यापुढे मांडायचंय. आणि ते मांडताना 'मला वाटतं' पासून 'मी दाखवू शकतो' पर्यंत कसं जायचं, तेही बघायचंय.

सुरुवातीलाच एक खुलासा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणेशोत्सवातला किंवा लग्नातला गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यापुढे येतो. इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंद: व्हायोलिन, चेलोसारखी तंतुवाद्यं, पितळी वाद्यं, बासरी-क्लॅरिनेटसारखी वाद्यं आणि तालवाद्यं.

विशेषण हा पुरावा नसतो

'गडद' हे संगीताचं वर्णन आहे की आपलं? नीट विचार करा. "हा सूर खालच्या सप्तकात आहे" हे सुराबद्दलचं विधान आहे, तपासता येतं. "हा सूर गडद आहे" यात सूर अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग ऐकणाऱ्याचा. तो भाग टाकाऊ नाही, कारण समीक्षा तिथूनच सुरू होते. पण ती तिथेच थांबली तर प्रबंधाची दोनशे पानं विशेषणांनी भरतात.

म्हणून पहिलं काम एकच. विशेषण बाजूला ठेवायचं आणि कानाला काय ऐकू येतं ते लिहायचं.

या चित्रपटाच्या साउंडट्रॅक अल्बमचा पहिला ट्रॅक जोकरचा आहे, नऊ मिनिटांहून मोठा. हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला आवाज जवळजवळ नसतोच. मग कानाच्या कडेला काहीतरी गुणगुणतं. डास म्हणा, ट्यूबलाइटचा चोक म्हणा. हळूहळू कळतं की हा एकच सूर आहे, ताणला जातोय आणि वर सरकतोय. त्याला सुरावट नाही, म्हणजे गुणगुणता येईल असं त्यात काही नाही. ताल येतो तो नंतर. साडेतीन मिनिटांच्या आसपास सगळं जवळजवळ रिकामं होतं आणि अगदी खालचा, छातीत जाणवणारा बेस उरतो. हाच भाग लोक स्पीकर तपासायला वापरतात.

इथे एक व्यावहारिक सूचना. तुम्ही हा ट्रॅक मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलात तर तो बेस ऐकलेलाच नसतो. माणसाच्या कानाची कक्षा साधारण २० ते २०,००० हर्ट्झ. मोबाइलचा छोटा स्पीकर त्यातला तळ वाजवूच शकत नाही. म्हणजे तुमचा डेटा अर्धवट आणि त्यावरचा निष्कर्षही अर्धवट. काय ऐकलं याबरोबर कशावर ऐकलं तेही टिपून ठेवा. परीक्षक विचारोत न विचारोत.

आता बॅटमनचा सूर बघा. तो दोनच स्वरांचा आहे. पहिल्याला 'सा' धरलं तर दुसरा कोमल 'ग'. पितळी वाद्यं आणि तंतुवाद्यं मिळून ते दोन स्वर भरदार वाजवतात आणि थांबतात. पुढे सुरावट येईल असं वाटतं, ती येत नाही. एका बाजूला एक ताणलेला सूर, दुसऱ्या बाजूला दोन स्वरांचं अर्धवट वाक्य. एवढ्या काटकसरीवर अडीच तासांच्या चित्रपटातला मुख्य संघर्ष उभा आहे. हे वर्णन झालं. यात 'भव्य' हा शब्द एकदाही आला नाही, आणि तरी तुम्हाला काहीतरी नवीन कळलं ना?

आपल्या कानाचे शब्द वापरायचे का?

जोकरचा सूर वर सरकतो त्याला पाश्चात्त्य संगीतात ग्लिसांडो म्हणतात. तुमच्या मनात 'मींड' हा शब्द आला असेल. वापरावा का? माझं मत: वापरावा, पण तो कुठे लागू पडत नाही तेही सांगावं. मींड एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे जाते. मधली वाट सुंदर असते कारण पोचायचं ठिकाण आपल्याला ठाऊक असतं. जोकरचा सूर निघतो, पण तो कुठे पोचणार ते कळत नाही. बराच वेळ ताणून अचानक तोडला जातो, किंवा गोंगाटात विरतो. म्हणजे ही पोचण्याचं ठिकाण नसलेली मींड. 'ग्लिसांडो' शब्दाने मला हे दाखवलं नसतं. 'मींड' शब्दाने दाखवलं, कारण तो इथे नीट बसत नाही.

तंबोऱ्याचंही तसंच. जवारी लावलेल्या तंबोऱ्याची एक तार छेडली तर त्यातून अनेक वरचे सूर झिणझिणत बाहेर येतात. जोकरच्या सुरातही अशी झिणझिण आहे. पण तंबोरा गाणाऱ्याला बसायला जागा देतो, हा सूर कुणालाच बसू देत नाही. खालचा षड्ज ठाम असेल तर वरचा सूर कितीही भटकला तरी कान घाबरत नाही. इथे भटकणारा सूरच आधाराच्या जागी ठेवलाय.

परक्या विषयावर लिहिताना आपली परिभाषा घरी ठेवून जायची गरज नाही. फक्त तिच्याने मोजताना कुठे माप चुकतंय ते प्रामाणिकपणे नोंदवायचं. बहुतेक वेळा नवा मुद्दा तिथेच सापडतो.

आता दावा मांडूया

माझा दावा असा: जोकरच्या सुराची भीती तो कुठून येतोय हे न कळण्यात आहे.

हा सूर मुळात चेलोचा. चेलोवादक मार्टिन टिलमन. तारांवर रेझर ब्लेड घासण्यासारखे प्रयोग केल्याचं झिमरनेही सांगितलंय. म्हणजे मुळाशी माणसाचा हात आहे. पण त्यावर इतकी प्रक्रिया झालीय, त्यात इतर आवाज इतके मिसळलेत की ऐकताना कान ठरवू शकत नाही: ही तार आहे की यंत्र? कुणी वाजवतंय की काहीतरी आपोआप चालू आहे?

आता चित्रपटाकडे या. जोकर आपल्या चेहऱ्यावरच्या जखमांची गोष्ट दोनदा सांगतो. एकदा सांगतो बापाने केल्या. दुसऱ्यांदा सांगतो बायकोसाठी स्वतःच करून घेतल्या. खरं काय ते चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. पोलिसांना त्याचं नाव, पत्ता, मागचापुढचा काही सापडत नाही. ज्याचा उगम ठाऊक नाही अशा माणसाला उगम न कळणारा सूर दिलाय! ऑर्केस्ट्रा आणि इलेक्ट्रॉनिक आवाज यांचं मिश्रण इथे फॅशन म्हणून आलेलं नाही, पात्राच्या स्वभावातून आलंय.

उगम न दिसणाऱ्या आवाजाबद्दल आधी कुणी विचार केलाय का? केलाय. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात अशा आवाजाला 'अकुस्मॅटिक' म्हटलं. मिशेल शिऑन यांनी तोच विचार चित्रपटाकडे नेला: ज्याचा आवाज ऐकू येतो पण जो दिसत नाही अशा पात्राच्या हाती विलक्षण सत्ता येते. क्लॉडिया गोर्बमन यांचं १९८७ चं पुस्तक पार्श्वसंगीत 'ऐकू न येता' कसं काम करतं यावर आहे. तुमचा लिटरेचर रिव्ह्यू इथून सुरू होऊ शकतो. पण एक पथ्य पाळा: आधी स्वतःच्या कानाने ऐका, मग पुस्तक उघडा. क्रम उलटा केलात की पुस्तकात जे आहे तेच ऐकू यायला लागतं.

पूर्वी हे दोन आवाज वेगळे ठेवायचे

'आधुनिक चित्रपटांत मिश्रण होते' या वाक्यातला 'आधुनिक' हा शब्द तपासल्याशिवाय लिहू नका. इलेक्ट्रॉनिक आवाज चित्रपटात फार आधीच आला होता.

१९५६ चा 'फॉरबिडन प्लॅनेट' घ्या. लुई आणि बीबी बॅरन या जोडप्याने स्वतः सर्किट बनवून त्यातून निघणाऱ्या आवाजांवर पूर्ण चित्रपट उभा केला. ऑर्केस्ट्रा नाहीच. पण श्रेयनामावलीत त्यांच्या कामाला 'संगीत' म्हटलं नाही. 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असा शब्द शोधून काढला. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

१९७६ च्या 'लोगन्स रन'मध्ये जेरी गोल्डस्मिथ यांनी स्पष्ट वाटणी केली. घुमटाखालच्या बंदिस्त शहराचं संगीत मुख्यतः इलेक्ट्रॉनिक आवाज आणि मोजकी वाद्यं यांचं. माणसं शहराबाहेर पडून मोकळ्या निसर्गात येतात तेव्हा पूर्ण ऑर्केस्ट्रा खुलतो. यंत्र म्हणजे कैद, वाद्यवृंद म्हणजे मोकळेपणा. अर्थ दोघांतल्या फरकात आहे, म्हणून फरक ऐकू यायलाच हवा.

१९८२ च्या 'ट्रॉन'मध्ये वेंडी कार्लोस यांनी सिंथेसायझर आणि लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एकत्र आणले. २०१० च्या 'ट्रॉन: लेगसी'त डाफ्ट पंक या जोडीने ८५ वादकांचा ऑर्केस्ट्रा घेतला, वाद्यवृंदाची मांडणी जोसेफ ट्रॅपनीज यांची. माझ्या कानाला तिथे दोन्ही आवाज खांद्याला खांदा लावून चालताना ऐकू येतात. जोड कुठे आहे ते कळतं, आणि ती कळावी अशीच रचना आहे.

तर 'मिश्रण' या एका शब्दात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटणी, जिथे दोन आवाज दोन जगांचे. जोडणी, जिथे दोघं एकत्र पण ओळखू येतात. आणि विरघळणं, जिथे कोण कुठला ते कळत नाही. 'द डार्क नाइट'चं वैशिष्ट्य तिसऱ्यात आहे. तुमच्या सिनॉप्सिसमधलं ते एक वाक्य आता तीन वाक्यांत फुटलं. फुटलं हे चांगलं झालं, आता त्यातलं एक निवडता येईल.

आपल्याच दाव्यावर उलटून या

दावा मांडला की तो पाडू शकेल असं उदाहरण स्वतःच शोधायचं. परीक्षकाच्या आधी.

पहिलं उदाहरण १९६० चं 'सायको'. बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली. तारा आहेत हे लहान मूलही ओळखेल. आणि तरीही भीती वाटते! म्हणजे 'उगम न कळणं म्हणजे भीती' हा सरसकट नियम टिकत नाही. ठीक आहे, दावा लहान करू. उगम लपवणं ही भीतीची एक वाट आहे, एकमेव नाही. आणि ती विशिष्ट प्रकारच्या पात्राला लागू पडते.

दुसरं उदाहरण अधिक कसोटीचं, कारण पात्र तेच आहे. २०१९ चा 'जोकर'. संगीत आइसलंडच्या हिल्दुर गुदनादोत्तिर यांचं, त्याला ऑस्करही मिळालं. इथेही चेलो केंद्रस्थानी. शिवाय हॅलडोरोफोन नावाचं चेलोसारखं वाद्य, ज्यात तारांचा आवाज परत तारांवर सोडून फीडबॅक तयार केला जातो. म्हणजे विजेचा हस्तक्षेप इथेही आहेच. पण ऐकताना काय वाटतं? कुणीतरी एकटं बसून वाजवतंय. बोचा घासणारा आवाज, वाद्याच्या लाकडाचं वजन, सगळं जवळून ऐकू येतं. हळूहळू ऑर्केस्ट्रा त्या एकट्या चेलोभोवती वाढत जातो.

आणि कथा? २०१९ च्या जोकरला नाव आहे, आई आहे, भाड्याचं घर आहे, औषधं आहेत. त्याचा उगम दाखवणं हाच चित्रपटाचा विषय. तिथे हात ऐकू येणारा चेलो बरोबर बसतो. बाथरूममधल्या नाचाच्या प्रसंगात हे संगीत आधी लिहिलेलं होतं आणि चित्रीकरणाच्या वेळी वाजवलं गेलं. नट त्या सुरावर हलतोय. २००८ च्या जोकरला कुणी असं त्याच्याच सुरावर नाचवून बघा, जमणार नाही. तो सूर शरीराला धरत नाही.

बघा, ज्या उदाहरणाने दावा पडेल असं वाटत होतं त्याने तो पक्का केला, आणि नेमकाही केला. आता माझं विधान असं झालं: चेलोच्या आवाजावर किती प्रक्रिया करायची, तो किती ओळखू येऊ द्यायचा, हा निर्णय पात्राचा भूतकाळ प्रेक्षकाला किती द्यायचा या निर्णयाशी जुळतो तेव्हा संगीत परिणाम करतं. हे वाक्य 'गडद आणि भव्य' पेक्षा लांब आहे. पण ते चूक ठरवता येतं, म्हणून संशोधनाच्या कामाचं आहे.

मग त्या मोठ्या 'ब्रॅम'चं काय?

२०१० नंतर हॉलिवूडच्या ट्रेलरांत एक आवाज सारखा येऊ लागला. पितळी वाद्यांचा प्रचंड, जमीन हादरवणारा एकच फटका. ऐकला की ओळखाल. याचं मूळ 'इन्सेप्शन'मध्ये शोधलं जातं, संगीत पुन्हा झिमरचंच.

त्या चित्रपटात एडिथ पियाफ यांचं १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं गाणं स्वप्नातून उठवण्याची खूण म्हणून वाजतं. जुलै २०१० मध्ये चित्रपट आला आणि त्याच महिन्यात इंटरनेटवर एक व्हिडिओ फिरू लागला: हे गाणं खूप संथ केलं की त्याची सुरुवात चित्रपटातल्या पितळी वाद्यांच्या जड फटक्यांसारखी वाटते. झिमरनेही मुलाखतीत सांगितलं की संगीताची लय या गाण्याच्या लयीच्या पटीत किंवा भागांत बांधली आहे. चित्रपटात स्वप्नाच्या प्रत्येक खालच्या पातळीवर वेळ संथ होतो. तिथे ऐकू येणारं संगीतही वरच्या गाण्याचं संथ रूप. उगम लपवलाय, पण शोधला तर सापडतो. चोरखिशासारखा.

आता ट्रेलरमधला 'ब्रॅम' ऐका. त्याचा उगम लपवण्यामागे कारण काय? काही नाही. खाली सिंथ, वर पितळ, भरपूर घुमारा, मग शांतता, मग पुन्हा फटका. चित्रपट युद्धाचा असो, रोबोटचा असो, चालतो. 'द डार्क नाइट' आणि 'इन्सेप्शन'मध्ये मिश्रणाला त्या-त्या गोष्टीतून कारण मिळालं होतं. नकलांनी आवाज घेतला आणि कारण मागे ठेवलं. मला ते पोकळ वाटतं ते यासाठी. मोठा आवाज वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. ढोल-ताशाच्या पथकासमोर उभं राहिलेल्या माणसाने तसं म्हणूही नये. पण तिथे तो आवाज कशासाठी आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं.

आणखी एक धडा. हा 'ब्रॅम' नेमका कुणी शोधला? 'इन्सेप्शन'च्या पहिल्या टीझरचं संगीत माइक झॅरिन यांचं, नंतरच्या एका गाजलेल्या ट्रेलरमधलं झॅक हेम्सी यांचं, चित्रपटाचं झिमरचं. श्रेयाबद्दल वेगवेगळ्या बाजू सार्वजनिकपणे मांडल्या गेल्यात. म्हणून संगीतकाराची मुलाखत हा तुमच्यासाठी एक स्रोत आहे, निकाल नव्हे. "झिमर म्हणतात की" आणि "असे आहे की" या दोन वाक्यरचनांतला फरक प्रबंधात सांभाळा.

संगीतकार कोण, हा प्रश्न टाळू नका

आता बॅरन जोडप्याकडे परत येऊ. त्यांच्या कामाला 'संगीत' म्हणायला १९५६ मध्ये कुणी तयार नव्हतं. बावन्न वर्षांनी, नोव्हेंबर २००८ मध्ये, 'द डार्क नाइट'चं संगीत ऑस्करच्या स्पर्धेसाठी अपात्र ठरवलं गेलं. कारण? क्यू शीटवर पाच नावं होती. क्यू शीट म्हणजे चित्रपटात कुठला संगीताचा तुकडा किती वेळ वाजतो आणि तो कुणाचा याचा तक्ता. मानधन त्यावर ठरतं. झिमर आणि हॉवर्ड यांच्याशिवाय त्यात लॉर्न बाल्फ, संगीत-संकलक अ‍ॅलेक्स गिब्सन आणि 'अ‍ॅम्बियंट म्युझिक डिझाइन' करणारे मेल वेसन यांची नावं होती. डिसेंबरमध्ये हा निर्णय फिरवला गेला, पण नामांकन काही मिळालं नाही. याच चित्रपटाला ध्वनिसंकलनाचं ऑस्कर मात्र मिळालं.

या घटनेकडे किस्सा म्हणून बघू नका, ती तुमच्या विषयाच्या मुळाशी आहे. जो आवाज वाद्याचा की यंत्राचा ते कानाला ठरवता येत नाही, तो संगीतकाराचा की ध्वनिरचनाकाराचा हे संस्थेलाही ठरवता आलं नाही. पुरस्काराच्या नियमांना एक हात, एक नाव हवं असतं. हे संगीत अनेक हातांनी विरघळवून तयार होतं. आपण लिहिताना सोयीसाठी "झिमरने केलं" म्हणतो. या पोस्टमध्येही ते आलंय. पण तो चेलो टिलमन यांच्या हातातला होता, आणि हार्वी डेंट या पात्राचं संगीत मुख्यतः हॉवर्ड यांचं. प्रबंधाच्या शीर्षकात एकाच माणसाचं नाव टाकण्याआधी क्यू शीट आणि श्रेयनामावली वाचा. कुणाचं काम कुणाच्या नावावर जातंय हा प्रश्न तुमच्या निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा आहे.

तुम्ही काय करू शकता

समजा हा दावा तुम्हाला तपासायचाय. एक साधा आराखडा देतो.

• दहा ते पंधरा सेकंदांचे तुकडे निवडा: काहींमध्ये वाद्य स्पष्ट ओळखू येतं, काहींमध्ये नाही. आवाजाची पातळी सारखी करून घ्या, नाहीतर लोक मोठ्या आवाजालाच घाबरतील आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल.

• ऐकणाऱ्यांना दोन गोष्टी विचारा: हा आवाज कशातून येतोय, आणि तो ऐकून किती अस्वस्थ वाटलं. निम्म्या लोकांना आधी पहिला प्रश्न, निम्म्यांना आधी दुसरा.

• चित्रपट पाहिलाय का हे नक्की विचारा. ज्याने पाहिलाय त्याला तो आवाज 'जोकरचा' हे आधीच ठाऊक आहे, त्यामुळे त्याचं उत्तर वेगळ्या रकान्यात.

• ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तुकड्याचा स्पेक्ट्रोग्राम काढा. पण त्याच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका. कुठल्या वेळी कुठल्या कंप्रतेवर किती जोर आहे ते तो दाखवेल. हात होता की यंत्र, याचा निवाडा दरवेळी देईलच असं नाही. चेलोचा नमुना कीबोर्डवर वाजवला तरी चित्र चेलोचंच दिसणार.

• माणसांवर प्रयोग म्हटलं की संमतीपत्रक आणि तुमच्या विद्यापीठाची नैतिकता समिती आली. हे काम शेवटी उरकायचं नसतं, सुरुवातीला करायचं असतं.

जर निकाल आला की उगम ओळखता येणं आणि अस्वस्थता यांचा काही संबंधच नाही, तर? तर माझा दावा पडला. तुमचा प्रबंध मात्र पडला नाही, कारण आता आपल्याला काहीतरी नक्की माहीत झालं. हा फरक मनात पक्का करा, पुढच्या चार-पाच वर्षांत त्याचा फार आधार वाटेल.

आणि उदाहरणासाठी दरवेळी हॉलिवूडलाच जायला हवं असंही नाही. २०१८ चा 'तुंबाड' घ्या. राही अनिल बर्वे यांचा चित्रपट, महाराष्ट्रातलं गाव, सतत कोसळणारा पाऊस. पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर किड यांचं, जे व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी ओळखले जातात. वाड्याच्या आतल्या प्रसंगांत पावसाचा आवाज कुठे संपतो आणि संगीत कुठे सुरू होतं? तिथे ध्वनी वाटलेत, जोडलेत की विरघळलेत? आणि हस्तर या पात्राचा उगम तर चित्रपट सुरुवातीलाच गोष्ट म्हणून सांगतो. मग त्याच्या आवाजाचा उगम लपवलाय की उघड ठेवलाय? माझा दावा तिथे टिकतो की कोसळतो, हे चांगले हेडफोन लावून, कागद-पेन घेऊन कुणीतरी तपासायला हवं.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा ते पहिलं वाक्य खोडू नका. त्यातल्या प्रत्येक विशेषणाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि समासात एवढंच लिहा: कुठल्या मिनिटाला, कुठल्या आवाजामुळे, आणि याच चित्रपटात का?